गरम झाली की थरथरते : एका हॅचबॅकच्या आयडलच्या नोंदी

९ जून २०२५

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक. चार सिलिंडर, केबलचा थ्रॉटल, आणि मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, दाब मोजणारा मॅप सेन्सर. पासिंग एमएच-१४, म्हणजे पिंपरी-चिंचवडचं, पण गेली तीन-चार वर्षं लातूरला. मीटर एक लाख बारा हजारांच्या पुढे. मालक रेणापूरकडचे निवृत्त गुरुजी.

तक्रार त्यांच्याच शब्दांत: "सकाळी घरून निघालो की शहाण्यासारखी चालायलीय. गावात आलो, सिग्नलला थांबलो, की स्टिअरिंग थरथरायलंय अन् काटा वर-खाली. एसी लावला तर बंदच पडायलीय. मागचे लोक हॉर्न वाजवून जीव खातेत."

माझ्याकडे यायच्या आधी प्लग बदलून झाले, थ्रॉटल बॉडी साफ झाली, आयडल, म्हणजे पेडल सोडलेलं असताना इंजिनाची चाल, सांभाळणारा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह नवा बसला, इंजेक्टरही धुऊन आले. सगळ्याची बिलं गुरुजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवलीत. मास्तर तो मास्तरच. फरक प्रत्येक वेळी पडला, आठवडाभर टिकला आणि गेला. चहाच्या टपरीवरचं निदान वेगळंच: "ई-ट्वेंटी पेट्रोल आहे गुरुजी, इंजिन खायलंय ते." ई-ट्वेंटी म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि ज्यांच्या उसाचं इथेनॉल होतं तेच हे सांगतात, ही लातूरची गंमत.

गाडी थंड होती तेव्हा सुरू केली. छान. तिथंच उभी ठेवून गरम होऊ दिली. पंखा एकदा लागून बंद झाल्यावर बघायला सुरुवात केली, कारण थंड इंजिनाच्या आयडलवर मत देण्यात अर्थ नसतो.

पहिली नोंद हीच की इथे तक्रार एक नाही, दोन आहेत. आरपीएमचा काटा सावकाश ७०० वरून ११०० ला जातो आणि परत येतो, ही एक. आणि काटा जिथं असेल तिथं इंजिन एका ठरलेल्या तालात झटका देतं, ही दुसरी. पहिलीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हवा कमी-जास्त करत काहीतरी शोधत बसलेला असतो. दुसरीत एखादा सिलिंडर आपला वाटा उचलत नसतो. दोन्ही एकदम आल्या की माणूस एकच औषध शोधतो, आणि म्हणूनच पिशवीत एवढी बिलं जमतात.

भाच्याला वहीचं पान फाडून सायलेन्सरच्या तोंडाशी धरायला लावलं. पान बाहेर फडफडायला हवं. तसं फडफडतं, पण मध्येच एकदम आत ओढलं जाऊन नळीला चिकटतं, सुटतं, परत चिकटतं. आयटीआयचं दुसरं वर्ष चालू असलेल्या पोराचे डोळे मोठे झाले. "मामा, सायलेन्सर आत कसा काय ओढायलाय?" त्याला म्हटलं, हे पान वहीत ठेव, तारीख टाक.

१० जून

स्कॅनर लावला. २०१३ च्या एप्रिलपासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः नोंदवणं, सक्तीचं झालं. ही गाडी त्यानंतरची असल्यामुळे साध्या ब्लूटूथ स्कॅनरलाही बरंच काही सांगते. बिघाडाचा कोड एकही नाही. कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असं समजून गाडी परत पाठवणारे आहेत. कोड फक्त ईसीयूच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तरच पडतो.

चावी ऑन, इंजिन बंद, मॅप सेन्सर ९४ किलोपास्कल. पुस्तकात १०१ लिहिलेलं असतं, ते समुद्रकाठचं. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब ९४ च्या आसपासच असतो. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. हे आधी तपासून घेतलं की पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.

इंजिन चालू, गरम, एसी बंद: मॅप ४५, मधूनच ५०. थंड असताना, सुरुवातीची वाढीव रेस उतरल्यावर, हाच आकडा ३७ होता. तब्येत बरी असलेलं असं इंजिन आपल्याकडे ३५ ते ३८ दाखवतं. म्हणजे गरम झाल्यावर मॅनिफोल्डमधली ओढ कमी होते. पाणी ९१ अंश, बरोबर. चार्जिंग १४.१ व्होल्ट. इंजिन ते बॅटरी अर्थिंगमध्ये नगण्य घट. ऑक्सिजन सेन्सर वर-खाली करतोय, जिवंत आहे.

आता फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त देतोय ते. लाँग टर्म, म्हणजे त्याने शिकून ठेवलेली, आयडलला अधिक ७ टक्के, २५०० आरपीएमला अधिक ५.

टपरीवरच्या ई-ट्वेंटीचा हिशेब इथेच होतो. साध्या पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. त्यामुळे दहा टक्के मिश्रणाला साधारण १४.१ आणि वीस टक्के मिश्रणाला १३.५ लागते. दहावरून वीसवर गेलं की ईसीयूला चार-साडेचार टक्के जास्त इंधन द्यावं लागणार. ते तो देतो, आणि ट्रिममध्ये तसं लिहून ठेवतो. पण हे सगळ्या रेसला सारखंच दिसायला हवं. आयडलला वेगळं पेट्रोल अन् हायवेला वेगळं, असं काही टाकीत नसतं. तेव्हा सातातले साधारण पाच टक्के इथेनॉलच्या नावावर, ते मान्य. ॲव्हरेज थोडं पडलं असेल तर तेही मान्य, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या रबराच्या नळ्यांवर होणारा परिणाम हा वेगळा विषय, त्यासाठी नळ्या बघेनच. पण थंड असताना शहाणी आणि गरम झाल्यावर थरथर, हे पेट्रोलचं काम नाही. सकाळी आणि दुपारी टाकीत तेच पेट्रोल असतं.

आयडलचे वरचे दोन टक्के मात्र लक्षात ठेवायचे. जो सिलिंडर नीट जाळत नाही त्याचा ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. त्याला वाटतं मिश्रण पातळ झालं, आणि ईसीयू चारही सिलिंडरना जास्त पाजतो.

१२ जून

काल दिवसभर दुसऱ्याच गाड्या. आज हवा कुठून घेते का ते बघितलं.

ट्रिम फार वर नाही म्हणून व्हॅक्यूम लीक नाही, असं या गाडीत म्हणता येत नाही. एअर-फ्लो मीटरवाल्या गाडीत चोरून शिरलेली हवा मोजली जात नाही, म्हणून मिश्रण पातळ होतं आणि ट्रिम चढते. मॅप सेन्सरवाल्या गाडीत ती हवा शिरली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयूला तो दिसतो, आणि तो मुकाट्याने तेवढं पेट्रोल वाढवतो. ट्रिम साळसूद राहते, रेस मात्र वाढते. इंटरनेटवरचे बरेच सल्ले पहिल्या प्रकारच्या गाड्यांचे असतात.

तेव्हा धूर सोडूनच बघितलं. मॅनिफोल्ड पॅकिंग, इंजेक्टरच्या रिंगा, पीसीव्हीची नळी, ब्रेक बूस्टरचा पाइप. कुठंच काही नाही. बूस्टरचा पाइप चिमट्याने दाबून धरला, काट्यात फरक नाही. नळ्या मऊ आहेत, भेगा नाहीत. एअर फिल्टरमध्ये मात्र सोयाबीनचा भुसा आणि काळ्या मातीची पूड. झटकण्यापलीकडे गेला होता, बदलला.

इंजिन माउंटिंग तिन्ही ठीक.

१३ जून

वर-खाली होण्याचं मूळ सापडलं.

थ्रॉटल बॉडीवर फुलपाखराला, म्हणजे आतल्या झडपेला, अडवणारा एक बारका स्क्रू असतो. कंपनीतून येताना त्यावर रंगाचा ठिपका असतो, हात लावू नये म्हणून. टॉर्च मारून बघितलं तर ठिपका दुभंगलेला, स्क्रूच्या खाचेत ताजी चमक. कुणीतरी आयडल पडतंय म्हणून तो आत पिळला होता. कार्ब्युरेटरच्या काळात स्लो वाढवायचं म्हटलं की हेच करायचे, आणि तेव्हा ते बरोबर होतं. इथे त्या स्क्रूला लागूनच थ्रॉटल पोझिशन सेन्सर आहे.

मल्टिमीटर लावला. पेडल सोडलेलं असताना सेन्सरकडून ०.५ व्होल्टच्या आसपास यायला हवेत, येत होते ०.८२. ईसीयूला कळेना की ड्रायव्हरचा पाय पेडलवर आहे की नाही. पाय आहे असं वाटलं की तो आयडल सांभाळायचं सोडून देतो. पाय नाही असं वाटलं की त्याला रेस ठरल्यापेक्षा जास्त दिसते, म्हणून हवा बंद करत जातो, रेस फार खाली जाते, घाबरून परत उघडतो. व्होल्टेज नेमकं त्या काठावर, त्यामुळे दिवसभर हाच खेळ. एसीचा भार आला की हवा उघडायला उशीर होतो आणि गाडी बंद पडते.

एअर पाइप काढला, फुलपाखरू स्वच्छ होतं. स्क्रू पूर्ण मोकळा केला, झडप भिंतीला टेकू दिली, मग ती अडकणार नाही एवढाच, जेमतेम पाव फेरा, परत आत. मीटरवर ०.५१. लॉकनट आवळला आणि वरून नेलपॉलिशचा ठिपका दिला. भाच्याच्या बहिणीची बाटली, गुलाबी. आता कुणी पिळला तर कळेल. बॅटरीची तार काढून ईसीयूची जुनी शिकवण पुसली, जोडून गाडी दहा-पंधरा मिनिटं एसी बंद ठेवून, मग एसी लावून आयडलवर सोडून दिली. पेडलला हात लावायचा नाही, की पाय.

निकाल: काटा वर-खाली होणं थांबलं. ७५० वर खिळला. आणि त्या साडेसातशेवर गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. सीटवर ठेवलेल्या पान्यांचा खुळखुळाट ऐकू येतो.

संध्याकाळी गुरुजी आले, बसून बघितलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. "मिस्त्री, हे तर वाढलं की." त्यांना सांगितलं, वाढलेलं नाही, उघडं पडलंय. आधी कुणीतरी रेस वाढवून ते झाकून ठेवलं होतं. साडेनऊशे-हजारला तेच इंजिन निम्मंच हलतं. गुरुजी मानेनं हो म्हणाले, पण पटलं नव्हतं. गाडी माझ्याकडे ठेवून रिक्षाने गेले.

१६ जून

कोणता सिलिंडर झोपलाय ते शोधलं.

जुनी पद्धत म्हणजे चालू गाडीत प्लगची वायर उपटणे. ती मी करत नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो, आणि हाताला झटका बसतो तो वेगळाच. इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं, म्हणजे त्या सिलिंडरला पेट्रोलच जात नाही. त्याआधी आयडल व्हॉल्व्हचं कनेक्टर काढून घ्यायचं. नाहीतर एक सिलिंडर बंद केला की ईसीयू हवा वाढवून रेस परत जागेवर आणतो आणि फरक दिसतच नाही. ही पायरी भाच्याच्या वहीत लाल शाईनं लिहून घेतली.

गरम इंजिन, ७८० वर:
पहिला काढला, ६४०.
दुसरा काढला, ६३०.
चौथा काढला, ६४०.
तिसरा काढला, ७५०.

तिसरा असून नसल्यासारखा. तरी प्लग, कॉइल आणि इंजेक्टर तिसऱ्याचे पहिल्यावर आणि पहिल्याचे तिसऱ्यावर टाकून बघितले. दोष तिसऱ्यातच राहिला. म्हणजे ठिणगीही आहे, पेट्रोलही आहे. राहिलं काय, तर दाब.

व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडला. त्याच्या डबीवर छापलंय की निरोगी इंजिनाला १८ ते २१ इंच. तो हिशेबही समुद्रकाठचा. हजार फुटांना साधारण एक इंच वजा करायचा. आपण दोन हजार फुटांवर आहोत, म्हणजे इथे १६ ते १९ आलं तरी इंजिन ठणठणीत. नाहीतर मराठवाड्यातल्या प्रत्येक गाडीचं इंजिन खोलावं लागेल. थंड असताना काटा १७ वर स्थिर होता. गरम झाल्यावर १४.५, आणि दर फेरीला टुकटुक करत १२ पर्यंत झुकतो. ताल ठरलेला, चुकत नाही. असा ठरलेला झुकाव बहुतेक वेळा एकाच व्हॉल्व्हचा असतो.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते. चारही प्लग काढून, पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि इंजेक्टरची कनेक्टरं काढून, पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारला. हे सहसा गरम इंजिनावर एकदाच करतात. इथे दोन्ही वेळा केलं, कारण तक्रारच गरम-थंडाची आहे.

सकाळी थंड: १६०, १५८, १५०, १६० पीएसआय.
दुपारी गरम: १५८, १५५, ९५, १५७.

सकाळी आलेल्या माणसाने तिसऱ्याचा १५० बघून "चालतंय" म्हटलं असतं, आणि त्याला दोष देता आला नसता. गरम झाल्यावर तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं, ९५ चा ९७. रिंगा गळत असत्या तर ऑइलने दाब चांगलाच वर आला असता.

१७ जून

लीक-डाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती आणि कुठून गळते ते बघायचं ठरवलं होतं. इंजिन गरम करून तिसरा सिलिंडर टॉपवर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, आणला, कॉम्प्रेसर सुरू केला आणि लाइट गेली. आली तोवर इंजिन कोमट. कोमट इंजिनावर ही टेस्ट घेऊन उपयोग नव्हता. परत गरम केलं.

शेवटी साडेपाचला झाली. पहिला, दुसरा, चौथा ८ ते १० टक्के गळती. तिसरा ३८. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आधी ऑइलच्या झाकणात: शांत. थ्रॉटलमध्ये: शांत. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे नाहीत. सायलेन्सरच्या तोंडाशी नेलं, तर सळसळ. भाच्याने नळी घेतली, ऐकली, आणि पळत जाऊन वहीतलं ९ तारखेचं ते पान घेऊन आला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद व्हायच्या वेळी बंद होत नाही. पिस्टन खाली जाताना त्याच फटीतून सायलेन्सरमधला धूर आत ओढला जातो, म्हणून पान चिकटत होतं.

१८ जून

व्हॉल्व्ह जळालाय, की टॅपेट घट्ट झालाय, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट मिटलीय? थंड असताना दाब जवळजवळ पूर्ण येतो, म्हणजे व्हॉल्व्हची बसायची जागा, सीट, अजून बरी असावी. घट्ट टॅपेटची खूण अशीच असते. व्हॉल्व्हची दांडी तापली की लांबते. थंड असताना ठेवलेली फट ती लांबी सामावून घेते. फटच उरली नसेल तर लांबलेली दांडी रॉकरला टेकते आणि व्हॉल्व्ह आपल्या जागेवरून केसभर उचललेला राहतो. आयडलला इंजिन सावकाश फिरतं, गळायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून थरथर तिथेच जास्त. हायवेला तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून गुरुजींना अंबाजोगाई रोडला काही जाणवत नव्हतं.

पण पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत एक्झॉस्टची फट इतकी का मिटावी?

डिकीत स्टेपनी बघायला वाकलो होतो. गालिचा उचलला तर खालच्या पत्र्यात चार भोकं, चौकोनात, एम-सीलने बुजवून वरून काळा रंग मारलेला. सिलिंडरच्या स्टँडचे बोल्ट असतात त्याच अंतरावर. बॉनेट उघडून डाव्या फेंडरच्या आत बघितलं, तिथेही क्लिपांच्या खुणा. आरसीवर आज नुसतं पेट्रोल.

गुरुजींना फोन केला. त्यांनी पिंपरीच्या जुन्या मालकाला लावला आणि परत मला. "मिस्त्री, तो म्हणायलाय पाच वर्षं सीएनजीवर चालवली. विकताना किट काढून घेतली. मला बोललाच नाही की बाबा!"

झालं. सीएनजी कोरडा वायू. पेट्रोलच्या थेंबांनी व्हॉल्व्हला जो थोडा गारवा मिळतो तो इथे मिळत नाही. ज्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट सीएनजीसाठी कडक केलेल्या नसतात त्या हळूहळू झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, वर सरकतो आणि तेवढी टॅपेटची फट कमी होत जाते. म्हणून अशा गाड्यांचे टॅपेट वेळेवर बघायचे असतात. ते पाच वर्षांत कुणी बघितले असतील असं वाटत नाही, आणि त्यानंतर तर कुणाला माहितच नव्हतं.

गुरुजी एक गोष्ट कौतुकाने सांगत होते, की एवढी जुनी गाडी पण इंजिनातून टकटक नाही. खरंय. सैल टॅपेट आरडाओरडा करतो, घट्ट टॅपेट गप्प बसून व्हॉल्व्ह जाळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच देतो. टेकायलाच मिळालं नाही तर तो तापत जातो आणि कडेचा टवका उडतो. मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं.

१९ जून

गाडी रात्रभर उभी होती. सकाळी सातला, ऊन शेडवर यायच्या आत टॅपेट कव्हर उघडलं. ऑइलचा रंग ठीक, आत काळी साय नाही.

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपवर, मग अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने तिसरा, चौथा, दुसरा. आधी काहीही न हलवता नुसतं मोजलं. लोक सरळ सेटिंग करून टाकतात आणि मग आधी काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही. या इंजिनाला थंडीत इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२५ मिलिमीटर.

इनटेक सगळे ०.१२ ते ०.१५. एक्झॉस्ट: पहिला ०.१५, दुसरा ०.१२, चौथा ०.१५. तिसऱ्याच्या एका व्हॉल्व्हला ०.१०, आणि दुसऱ्याला ०.०५ ची पट्टी, माझ्या गेजमधली सगळ्यात पातळ, आत जाईना. बोटाने रॉकर हलवून बघितला. बाकीचे टिक टिक करत किंचित हलतात, हा ढिम्म.

लॉकनट सैल केला, स्क्रू उलटा फिरवला. सुटताना एक हलका कट असा आवाज आला. ०.२५ ची पट्टी घालून स्क्रू टेकवला, पट्टी ओढताना लोण्यातून सुरी नव्हे तर थोडी ओढ लागली पाहिजे एवढा. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर परत पट्टी घालून खात्री. भाच्याने पहिल्याचे दोन केले, मी तपासले, एक परत करायला लावला. सगळे झाल्यावर पुली हाताने दोन फेरे फिरवून सगळे पुन्हा मोजले.

कव्हरचं पॅकिंग नवं टाकलं. जुनं प्लॅस्टिकसारखं कडक झालं होतं, परत बसवलं असतं तर ऑइल गळलंच असतं.

सुरू केली. थोडी टिकटिक ऐकू येते, नव्या सेटिंगची. पंखा लागला. सीटवरचे पाने गप्प. स्टिअरिंग गप्प. भाचा पान घेऊन सायलेन्सरशी बसला होता. नुसतं फडफडतंय.

गरम कॉम्प्रेशन: १५८, १५६, १३८, १५८. मॅप ३७. व्हॅक्यूम १७, तिसऱ्याच्या वेळेला किंचित, अगदी किंचित, झुकतो.

२० जून

१३८ म्हणजे पूर्ण बरं नाही. तिसऱ्याची गळती गरम असताना १८ टक्के, बाकीच्यांच्या दुप्पट. व्हॉल्व्हच्या कडेला थोडा डाग पडलेला असणार. हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंड करायचे का, यावर गुरुजींशी बोललो. हेड उतरवलं की पॅकिंग, टायमिंग बेल्ट, व्हॉल्व्ह सील, मशिनिंग, सगळंच येतं. माझं मत, आता नको. सीटला टेकायला लागलेला व्हॉल्व्ह चालता चालता थोडा बसतो. चालवा, मग परत मोजू. दाब आणखी पडला तर हेड, वाढला तर वाचलो.

गुरुजींनी बिल पिशवीत घातलं, तारखेप्रमाणे. आणि विचारलं, "आषाढीला पंढरपूरला न्यावी का?" म्हटलं, न्याच. वारीच्या गर्दीत पहिल्या गिअरात रांगत, एसी लावून, तासभर उभी राहून जी गाडी थरथरत नाही ती कुठेच थरथरणार नाही.

८ जुलै

गुरुजी एकादशी करून परत. गावाबाहेरच्या पार्किंगपर्यंत पोचायलाच फार वेळ लागला म्हणाले, पाऊस, काच धुरकटलेली, एसी सतत चालू. एकदाही बंद पडली नाही. डबीभर प्रसाद आणि एक तक्रार: एसीचा कॉम्प्रेसर लागताना क्षणभर दम लागल्यासारखं होतं.

बघितलं. कॉम्प्रेसर लागला की ७५० वरून ६८० आणि लगेच ८५० ला स्थिर. हे ईसीयूचं नेहमीचं वागणं, एवढ्याशा इंजिनाला एसी जड जातोच. कंडेन्सरच्या जाळीत चिखल बसला होता, तो पाण्याने हळू प्रेशर ठेवून धुतला. भार थोडा कमी झाला.

लाँग टर्म ट्रिम आयडलला अधिक ५, २५०० ला अधिक ५. वरचे दोन टक्के गेले. उरलेले पाच टाकीतल्या पेट्रोलचे, ते राहणारच.

२४ ऑगस्ट

ठरल्याप्रमाणे फेरतपासणी. दोन हजार किलोमीटरच्या आसपास चालली.

गरम कॉम्प्रेशन: १५८, १५७, १४८, १५८. तिसऱ्याची गळती १३ टक्के. हेड उतरवायचा विषय तूर्त बंद.

टॅपेट थंडीत मोजले. तिसऱ्याचा तो एक्झॉस्ट ०.२५ वरून ०.२२ वर आलाय, बाकीचे जागच्या जागी. परत ०.२५ केला. थ्रॉटलच्या स्क्रूवरचा गुलाबी ठिपका शाबूत.

पुढचं माप दहा हजार किलोमीटरवर, किंवा थरथर आली तर त्याआधी. तिसऱ्याची फट तोवर ०.१५ च्या खाली गेलेली असेल तर सीट झिजणं चालूच आहे असं समजून हेड काढायचं आणि कडक सीट बसवायच्या. गुरुजींच्या पिशवीत हे एका कागदावर लिहून दिलंय, कारण पुढच्या वेळी ते माझ्याकडेच येतील असं नाही. कागदावर सगळ्यात वर लिहिलंय: आधी सीएनजीवर चाललेली गाडी.